एस. एस. जला... पुढचं नाव वाळवीने खाल्लंय. १९४२ साली बुडालेली बोट शोधायची कशी?

शिरोड्याचा_नातू

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

गणपतीला गावी गेलो होतो. माळ्यावर पाऊस गळत होता म्हणून आत्याने तिथली पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. आत वाटपाचे कागद, कुणाची तरी जुनी पत्रिका, आणि तळाशी एक पाकीट. माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाचं. ते आगबोटीवर आगवाले होते, म्हणजे खाली बॉयलरमध्ये कोळसा मारायचं काम. वय असेल चोवीस-पंचवीस. 'लढाईत बोट बुडाली आणि तो गेला' एवढंच घरात माहीत. कुठली बोट, कुठे, कधी, कोणालाच सांगता येत नाही. तिथी माहीत नाही म्हणून पान सर्वपित्रीला वाढतात.

पाकिटात मनीऑर्डरची सात कुपनं आहेत. शेवटच्या कुपनावर मुंबईच्या पोस्टाचा शिक्का, डिसेंबर १९४१. एक फोटो आहे, पाच जण ओळीत उभे, पाठीमागे काही लिहिलेलं नाही. आणि एक टाइप केलेलं इंग्रजी पत्र, मार्च १९४२ चं. वरचा मथळा फाटलेला. मजकूर असा, की आपला भाऊ कामाला असलेली बोट शत्रूच्या कारवाईत बुडाली, तो बेपत्ता असून मृत धरण्यात आला आहे, पगाराची बाकी न्यायला वारसाने यावं. बोटीच्या नावाच्या जागी 'एस. एस. जला' एवढं वाचता येतं आणि पुढे वाळवीने रुपयाएवढं भोक पाडलंय. अख्ख्या पत्रात तेवढंच एक भोक आहे!

काका ठामपणे म्हणतात की तो गोदीच्या स्फोटात गेला. आत्या म्हणते जपान्यांनी मारला. मुंबईत एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला साहेबांनी विचारलं, "अर्ज कुठल्या बोटीच्या नावाने करताय?" तेच तर विचारायला आलो होतो.

कुणी या वाटेने गेलंय का?

अंगणवेल

वाचतेय. वाळवीला नेमकं कसं कळतं कोण जाणे.

जुना_सारंग

तीस वर्षं बोटीवर काढली, आता घरी बसून हेच उद्योग करतो. आधी एक गाठ बांधा: माणूस शोधू नका, बोट शोधा. खलाशाच्या नावाने काही हाती लागत नाही. एकाच गावचे चार बाबू, आडनाव लिहिलेलं नाही, लिहिणारा कारकून कुठला तरी भलताच. बोटीचं तसं नसतं. ती कुठे बांधली, कधी, किती टनाची, कुणाची, शेवटी काय झालं, याचा कागद कुठे ना कुठे असतोच.

'जला' म्हणजे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, यात मला शंका नाही. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी १९१९ मध्ये काढलेली कंपनी. ५ एप्रिल १९१९ ला त्यांची लॉयल्टी मुंबईहून निघाली, म्हणून आपण ५ एप्रिलला सागरी दिन पाळतो. त्यांच्या मालवाहू बोटींची नावं 'जला'ने सुरू व्हायची. गोऱ्यांच्या यादीत ती जलापालका, जलाराजन अशी दिसतील, आपण जलपालक, जलराजन म्हणायचं. आणि यादीत देशाच्या रकान्यात भारत शोधत बसू नका. झेंडा ब्रिटिश होता, त्यामुळे सगळ्या 'ब्रिटिश' म्हणून नोंदलेल्या आहेत. माझी पहिली दोन वर्षं यातच वाया गेली.

डोंगरीकर

काकांचं एकदम उडवून लावू नका हो. गोदीच्या स्फोटात सिंदियाची जलपद्म होतीच. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी. फोर्ट स्टिकिन नावाची बोट बर्कनहेडहून कराचीमार्गे आलेली, पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या, वर सोन्याच्या विटा. दुपारपासून कापूस धुमसत होता. पहिला स्फोट ४ वाजून ६ मिनिटांनी, दुसरा अर्ध्या तासाच्या आत. धक्का सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. जलपद्म जवळपास चार हजार टनांची, ती पाण्यातून उचलली जाऊन तिचं बूड धक्क्यावर आलं. याच कंपनीची हाजची बोट एल हिंद, नौदलाने घेतलेली, तीही तिथेच जळाली.

आमच्याकडे डोंगरीत अजून अशी घरं आहेत जिथे '४४ साली' म्हटलं की साल सांगावं लागत नाही.

कागदकिडा

डोंगरीकर, माहिती उत्तम, पण धागाकर्त्याचं पत्र मार्च १९४२ चं आहे. १९४४ साली मेलेल्या माणसाच्या पगाराची बाकी १९४२ मध्ये कोण चुकती करेल? काका बाद.

हे मी थट्टेने लिहीत नाहीये. मुंबई-कोकणात गोदीच्या स्फोटाची आठवण एवढी मोठी आहे की युद्धात गेलेला प्रत्येक खलाशी हळूहळू तिथे ओढला जातो. मी अशी तीन कुटुंबं पाहिली. एकाचा माणूस तर अटलांटिकमध्ये गेला होता.

आणखी एक. स्फोटाच्या चौकशीत घातपात नाही, आग अपघाताने लागली असं ठरलं. त्यामुळे त्या दिवशी गोदीत गेलेल्या बोटी 'शत्रूच्या कारवाईत बुडालेल्या' यादीत मिळतीलच असं नाही. तुमच्या पत्रात 'शत्रूच्या कारवाईत' असे स्पष्ट शब्द आहेत ना? मग गोदी तिथेही बाद.

शिरोड्याचा_नातू

हो, अगदी तेच शब्द आहेत. काकांना अजून सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं ते ही गोष्ट सांगतायत.

जुना_सारंग

आता चाळणी लावू. सिंदियाच्या 'जला' बोटींपैकी युद्धात गेलेल्या मला ठाऊक आहेत त्या अशा. जलबाला ११ ऑक्टोबर १९४३ ला अरबी समुद्रात, जर्मन पाणबुडी यू-५३२ ने बुडवली. जलपद्म वर आलीच. या दोन्ही पत्रानंतरच्या. उरल्या तीन, आणि तिन्ही जानेवारी १९४२ मधल्या! जलराजन महिन्याच्या मध्याला सुमात्राच्या पश्चिमेला, ३० तारखेला जलतरंग, ३१ ला जलपालक. शेवटच्या दोन्ही मद्रासच्या पूर्वेला, एकमेकींपासून फार लांब नाहीत, आणि एकाच पाणबुडीने बुडवलेल्या. जलतरंग लहान, अडीच हजार टनांची. जलपालक चार हजारांच्या वर.

अडीच आठवड्यांत एकाच कंपनीच्या तीन. त्या महिन्यात कंपनीच्या कचेरीत काय चाललं असेल याचा मी कधीकधी विचार करतो. टाइपरायटरवर एकच मजकूर पुन्हा पुन्हा, नाव तेवढं बदलायचं.

जलतरंग आणि जलपालक बुडवणारी ती जपानी पाणबुडी आय-६४. काही ठिकाणी तिलाच आय-१६४ लिहिलेलं दिसेल, घाबरू नका. मे १९४२ मध्ये जपान्यांनी त्या जुन्या पाणबुड्यांच्या आकड्यांत शंभर मिळवले. ही बिचारी त्याच सुमारास, १७ मेला, क्यूशूच्या जवळ अमेरिकन ट्रायटन पाणबुडीच्या टॉर्पेडोने गेली. जलराजनवाली आय-६५, तीच पुढे आय-१६५.

पावशेर

'बिचारी'??

जुना_सारंग

पावशेर, समुद्रात बुडतं ते सगळं बिचारं. तिच्या पोटातही आगवालेच होते, फक्त डिझेलचे.

लंडनस्थ_मावशी

थोडं अवांतर वाटेल, पण यात मी स्वतः फसलेय म्हणून लिहिते. इथे टॉवर हिलला व्यापारी नौदलाचं मोठं स्मारक आहे, बोटीच्या नावाखाली माणसांची नावं. मी एका मैत्रिणीच्या आजोबांसाठी गेले होते, बोट सिटी ऑफ बनारस. सप्टेंबर १९४० मध्ये यू-४८ ने बुडवलेली, इंग्लंडमधून कॅनडाला हलवायची मुलं होती तिच्यावर. स्मारकावर बोट सापडली, नावं वाचली, सगळी गोरी. मला वाटलं आजोबा वाचले असणार. मैत्रिणीला तसा फोनही केला. आजही लाज वाटते.

खरं असं, की हिंदी खलाशांची नावं तिथे नाहीतच. दुसऱ्या युद्धातले आपले बोटीवरचे लोक मुंबईच्या आणि चितगावच्या स्मारकात आहेत. दोन्हीकडे तीच नावं, कोणता माणूस कुठल्या बंदरातून चढला हे बघत बसायला नको म्हणून. साधारण ४०० नौसैनिक आणि जवळपास ६,००० व्यापारी खलाशी. म्हणजे एकाच बोटीचे मेलेले लोक दोन खंडांत वाटले गेलेत. कुठल्याही पुस्तकात 'इतके मृत्यू' असं वाचलं तर आधी विचारा, यात लास्कर, म्हणजे आपले हिंदी खलाशी, धरलेत का?

केळशीची_लेक

मुंबईचं ते स्मारक मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे ना? पहिल्या युद्धातल्या दोन हजारांवर खलाशांची नावंही तिथेच आहेत. माझ्या पणजीचा भाऊ त्या यादीत आहे असं घरचे म्हणतात. मी त्या रस्त्याने वर्षानुवर्षं बसने गेले, एकदाही उतरले नाही.

कागदकिडा

तेच. आणि घरबसल्या बघायचं तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव न टाकता, व्यापारी नौदल आणि मुंबई १९३९-१९४५ चं स्मारक निवडून बोटीचं नाव टाका. बोटीच्या नावापुढे बहुतेक वेळा नोंदणीचं बंदर असतं. हुद्दाही असतो: सारंग (खलाशांचा मुकादम), टिंडेल (त्याचा मदतनीस), सुखाणी (सुकाणू धरणारा), आगवाला (ते 'फायरमन' लिहितात), कोलसेवाला, भंडारी (स्वयंपाकी), टोपास (झाडूवाला). कुठे बापाचं नाव, कुठे गाव.

गावाबद्दल सावध राहा. नोंदीत 'रत्नागिरी' दिसलं तर गाडी रत्नागिरीला वळवू नका. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. १९४२ साली मालवण, वेंगुर्ला, देवगड सगळं रत्नागिरीतच होतं. रायगड तेव्हा कुलाबा. सावंतवाडी आणि जंजिरा तर वेगळी संस्थानं. आणि स्पेलिंग कानाने लिहिलेलं असतं. मी 'वेंगुर्ला' चार तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलंय, त्यातलं एक अक्षरशः 'विंगोर्ला'.

धागाकर्त्यांना एक काम देतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी जे काही सांगितलं असेल ते त्यांच्याच शब्दांत इथे लिहा. तुमच्या प्रमाण मराठीत आणू नका. गोष्टीत भर पडत जाते, शब्द मात्र बऱ्याचदा जसाच्या तसा टिकतो.

मुरगांवकर

शब्दांवरून आठवलं. आमच्या घरी 'जर्मनाचो उजो' (उजो म्हणजे आग) असं म्हणतात, एखाद्याने स्वतःच स्वतःचं नुकसान केलं की. लहानपणी कळायचं नाही. मग मुरगाव बंदरातल्या चार बोटींबद्दल वाचलं: एरेनफेल्स, ब्राउनफेल्स, ड्राखेनफेल्स या जर्मन आणि अनफोरा ही इटालियन. गोवा पोर्तुगिजांचा, पोर्तुगाल तटस्थ, म्हणून युद्ध लागल्यावर त्या इथे आसरा घेऊन बसल्या. ९ मार्च १९४३ च्या पहाटे कलकत्त्याहून आलेल्या काही मध्यमवयीन इंग्रजांनी, हौशी घोडदळातले लोक ते, एरेनफेल्सवर छापा घातला, कारण तिच्यावरच्या बिनतारी यंत्रावरून बोटींच्या बातम्या जातात असा संशय. झटापटीत एरेनफेल्सचा कप्तान मेला. एरेनफेल्सला जलसमाधी मिळाली आणि ते बघून बाकीच्या तिघींच्या खलाशांनी आपापल्या बोटींना स्वतःच आग लावली. आजीने तो उजेड पाहिलेला.

गंमत अशी, की तटस्थ बंदरात केलेला छापा म्हणून ब्रिटिशांनी १९७८ पर्यंत त्यावर ब्र काढला नाही. तोवर कागदोपत्री काय? खलाशांनीच बोटी बुडवल्या. म्हणजे 'बोटीचं काय झालं' या रकान्यातलं उत्तर खोटं नाही, पण खरंही नाही.

जुना_सारंग

मुरगांवकर, क्या बात है. असाच एक रकाना 'बेपत्ता'. फोर्ट लाँग्वेल म्हणून बोट होती, सप्टेंबर १९४३ मध्ये हिंदी महासागरात यू-५३२ ने बुडवली, हीच ती जलबालावाली. एकही माणूस कुठे पोहोचला नाही. पण दोन हिंदी खलाशी तराफ्यावर होते. १३४ दिवस! फेब्रुवारी १९४४ मध्ये सुमात्राच्या किनाऱ्याला लागले आणि जपान्यांच्या कैदेत गेले. युद्ध संपेपर्यंत त्या बोटीतून कोणी वाचलंय हे जगाला ठाऊक नव्हतं.

त्याच पाणबुडीने त्याच ऑक्टोबरात ब्रिटिश पर्पज नावाच्या तेलाच्या टँकरलाही टॉर्पेडो मारला. ती बुडाली नाही, दुरुस्त होऊन परत कामाला लागली. लोक 'टॉर्पेडो लागला' वाचतात आणि बोट बुडाली समजतात. बुडालेली आणि मार खाल्लेली ही दोन वेगळी खाती आहेत. तिसरं खातं: बोट तरंगत असते पण दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून विम्याच्या हिशेबात मेलेली.

दादरची_पोर

तिलावाचं कोणीच कसं काढलं नाही? २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेला निघालेली ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट. २३ ला जपानी आय-२९ ने दोन टॉर्पेडो मारले. साडेनऊशेच्या वर माणसं, २८० गेली. बाकीच्यांना बर्मिंगहॅम ही युद्धनौका आणि कार्थेज या बोटीने उचललं. तिच्या पोटात दक्षिण आफ्रिकेसाठी निघालेल्या चांदीच्या २,३६४ विटा होत्या. त्या २०१७ मध्ये समुद्राच्या तळातून काढल्या, आणि चांदी कोणाची यावर खटला चालून २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल दिला. चांदीच्या प्रत्येक विटेचा हिशेब लागला. आमच्या शेजारच्या आजोबांचे वडील तिच्यावर होते, त्यांच्या घरी एक ओळीचा कागद नाही.

शिरोड्याचा_नातू

सगळ्यांचे आभार. इतक्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती.

कागदकिडा, सांगितल्याप्रमाणे आत्याला फोन करून तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं. अर्धा तास बोलली, त्यातली पाऊण गोष्ट शेजाऱ्यांच्या बांधाची होती. कामाचं एवढंच:

एक, "जपान्यांनी मारल्यानी." कुणी सांगितलं? "आजीन." आजी म्हणजे माझी पणजी, त्यांची आई.

दोन, वरच्या वाडीतला कुणीतरी त्याच बोटीवर होता, तो वाचून परत आला आणि "फळयेक धरून ऱ्हवलंय" म्हणायचा. त्याचं नाव आत्याला आठवत नाही. तो नंतर बोटीवर कधी गेला नाही, माडाची कामं करायचा.

तीन, पणजीचं एक वाक्य. हे बोटीबद्दल नाही, पण तुम्ही सगळं लिहा म्हणालात म्हणून. मुलगा कुठे गेला विचारलं की ती म्हणायची, "तो तरंगाबरोबर गेलो, तो काय परत येवचो नाय." आमच्याकडे दसऱ्याला देवाची तरंगं निघतात, तेव्हा ती कधीच देवळात जायची नाही. घरात सगळ्यांची समजूत, की देवावर रागावली होती. देवाने पोरगा नेला असं तिला म्हणायचं असणार.

सातार्ड्याची_सून

अहो!!! जलतरंग!

अंगणवेल

अंगावर काटा आला.

पावशेर

थांबा. मला कळलं नाही. तरंग म्हणजे लाटा ना?

सातार्ड्याची_सून

पावशेर, सिंधुदुर्गात तरंगं म्हणजे देवाच्या काठ्या. उंच काठीला लुगडी नेसवतात, वर देवाचा मुखवटा किंवा छत्र, आणि दसऱ्याला सोनं लुटायला ती वाजतगाजत बाहेर निघतात. धरणाऱ्याच्या अंगात येतं. आमच्याकडे 'तरंग' म्हटलं की कोणाच्याही डोळ्यांसमोर आधी तेच येणार, लाट नाही. म्हणून तर घरच्यांना ऐंशी वर्षं वाटलं की म्हातारी देवाबद्दल बोलतेय. ती बोटीचं नाव सांगत होती. कुणीतरी तिला ते पत्र वाचून दाखवलं असणार, वाळवी लागायच्या आधी. तिने त्यातला तिला ओळखीचा शब्द तेवढा धरून ठेवला.

कागदकिडा

सुंदर. पण मी वाईटपणा घेतो. हा पुरावा नाही, दिशा आहे. माणूस एका बोटीतून उतरून दुसरीवर चढलेला असू शकतो. आता स्मारकाच्या नोंदीत जलतरंग टाका आणि एकेक नाव बघा. तारखेतही एका दिवसाचा फरक दिसला तर गोंधळू नका: जपानी नौदल टोकियोच्या वेळेने नोंद ठेवायचं, आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. रात्री नऊला घडलेली गोष्ट त्यांच्याकडे दुसऱ्या दिवसाची होते. नंतर लोक त्या वह्यांवरून पुस्तकं लिहितात.

वर्तमानपत्रांत शोधायचं मनात असेल तर फार आशा ठेवू नका. युद्धात सेन्सॉर होता, बोटीचं नाव छापायची मुभा नव्हती. लंडनजवळ क्यूला राष्ट्रीय अभिलेखागारात बोटींच्या हालचालींची कार्डं आहेत, आणि बोट बुडाल्यावर वाचलेल्यांचे जबाब घेतलेल्या फायली आहेत. त्यात बहुतेक जबाब कप्तानाचे नाहीतर अधिकाऱ्यांचे. तुमच्या वरच्या वाडीतल्या माणसाला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. तरी कार्ड मागवायला हरकत नाही, शेवटचा प्रवास कुठून कुठे होता ते त्यात मिळतं.

लंडनस्थ_मावशी

कार्ड मी बघते. पुढच्या महिन्यात क्यूला जायचंच आहे.

शिरोड्याचा_नातू

धागा वर काढतोय. मध्ये पंधरा दिवस गेले, माफ करा.

जलतरंगच्या नोंदी एकेक करून पाहिल्या. रात्री दोन वाजले. त्यांच्या पहिल्या नावाचे दोघे निघाले. दोघांपुढेही आडनाव नाही. एक भंडारी, गाव नाही. दुसरा फायरमन, वडिलांचं नाव माझ्या पणजोबांचं, आणि गाव रत्नागिरी म्हणून, पुढे जे लिहिलंय ते मला आधी इटालियन वाटलं. मोठ्याने वाचलं तेव्हा शिरोडा झालं. तारीख ३० जानेवारी १९४२.

पाच मिनिटं काही सुचलं नाही. मग वेड्यासारखा फोटो काढून त्यातल्या पाच जणांकडे बघत बसलो, यातला भंडारी कोण असेल.

काकांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग गोदीत कोण गेलो?" बहुतेक त्यांच्या डोक्यात तिथे आता एक जागा रिकामी झाली आहे.

जुना_सारंग

शाब्बास. आता स्पेलिंग दुरुस्तीचा अर्ज करा, कमिशन पुरावा बघून घेतं. कुपनं आणि पत्र दोन्ही स्कॅन करून ठेवा, वाळवीचं भोक दिसेल असं.

सातार्ड्याची_सून

घरी पंचांगवाले सासरे आहेत, त्यांनी गणित करून दिलं. ३० जानेवारी १९४२ म्हणजे माघ शुद्ध त्रयोदशी. आता तिथीला पान वाढता येईल.

शिरोड्याचा_नातू

सासऱ्यांना नमस्कार सांगा. मी आत्याला लगेच फोन केला होता, की तिथी मिळाली, यंदापासून माघात करू. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ऐंशी वर्सां तो सर्वपित्रीक जेवता. आता तिथी बदललास तर तेका कळतला कसा?"